सतराशे वर्षांपूर्वीचा खुर्दा: रोमन नाणी जमवायला सुरुवात कशी करावी

रोमन नाणं म्हटलं की बहुतेकांना संग्रहालयातली काचेची पेटी आठवते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "किती लाखांना पडतं हो?" लाखांचीही असतात. पण सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळातलं, इ.स. ३३० च्या आसपासचं, नीट वाचता येईल असं तांब्याचं छोटं नाणं साधारण दोन-तीन हजार रुपयांत मिळतं. चौघं मिळून हॉटेलात जेवलात तरी तेवढं बिल होतं.

इतकं जुनं असून स्वस्त कसं? कारण हा त्या काळचा खुर्दा. भाजी-पावाचा, शिपायाच्या खर्चाचा. टांकसाळींनी तो अफाट पाडला. लढाया आल्या, नाण्यांचे भाव बदलले, की लोकांनी तो मडक्यात भरून जमिनीत पुरला आणि कित्येक जण काढायला परत आलेच नाहीत. २०१० मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळच्या एका शेतात असं एक मडकं सापडलं. त्यात ५२,५०३ नाणी होती. एका मडक्यात! तेव्हा जुनं म्हणजे महाग हा हिशेब इथे लागू होत नाही. दुर्मिळ म्हणजे महाग, आणि नवशिक्याला दुर्मिळ काही लागत नाही.

लागतं ते वाचता येणं. हे मी फटका खाऊन शिकलो. माझं पहिलं "रोमन" नाणं मी परदेशात एका रविवारच्या जुन्या बाजारात घेतलं. नीरोचा जाडजूड मानेचा चेहरा, काळपट चांदी, आणि विकणाऱ्याची गोष्ट तर झकासच. नाण्यावर काय लिहिलंय ते मला कळत नव्हतं, पण अक्षरं जुनी दिसत होती एवढं पुरलं. वर्षभराने वाचता येऊ लागलं तेव्हा कळलं की पुढच्या बाजूला नीरो आहे आणि मागच्या बाजूचा मजकूर सम्राट ट्राजनच्या नाण्यांवरचा, म्हणजे नीरो मेल्यानंतर पस्तीसेक वर्षांनी आलेला. ते नाणं अजून माझ्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून.

आधी सोळा आण्यांचा हिशेब

पहिला महिना काहीच विकत घेऊ नका. नाण्यांची नावं आणि धातू डोक्यात बसू द्या. पहिला सम्राट ऑगस्टस याने इ.स.पू. २३ च्या सुमारास जी घडी बसवली ती अशी: सोन्याचा ऑरियस, चांदीचा डेनारियस, पितळेचा मोठा सेस्टर्शियस, पितळेचाच त्याच्या निम्म्या किमतीचा दुपोंदियस, आणि तांब्याचा अस. एका ऑरियसचे २५ डेनारियस. एका डेनारियसचे ४ सेस्टर्शियस किंवा १६ अस.

सोळा! ज्यांच्या घरात आजीच्या तोंडी आणे होते त्यांना हे लगेच लक्षात राहील. डेनारियसला रुपया समजा, अस म्हणजे आणा, दुपोंदियस म्हणजे चवली आणि सेस्टर्शियस म्हणजे पावली. अर्थात हा निव्वळ योगायोग, पण पाठांतराला उपयोगी.

दुपोंदियस आणि अस आकाराने जवळजवळ सारखे. मातीत राहून पितळ आणि तांबं दोन्ही हिरवं-काळं पडलं की धातू ओळखू येत नाही. अशा वेळी सम्राटाच्या डोक्याकडे बघायचं. नीरोच्या काळापासून बहुधा दुपोंदियसवर टोकदार किरणांचा मुकुट असतो आणि असवर पानांची माळ. किरण म्हणजे दुप्पट, ही खूण पुढेही कामाला येते. २१५ मध्ये काराकाल्लाने चांदीचं एक नवं नाणं काढलं, त्यावरही सम्राटाला किरणांचा मुकुट आहे. ते दोन डेनारियसच्या भावाने चालवायचं असावं असं अभ्यासक मानतात, पण त्याचं वजन जेमतेम दीडपट होतं. त्याला आज अँटोनिनियानस म्हणतात. राणीचं चित्र असेल तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर दिसते.

इथे हिणाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण नाण्याचा काळ ओळखायला ती सर्वांत सोपी वाट आहे. ऑगस्टसचा डेनारियस जवळजवळ शुद्ध चांदीचा. ६४ मध्ये नीरोने वजन घटवलं: आधी एका रोमन पौंडात ८४ डेनारियस पाडत, आता ९६ पाडू लागले. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने कस निम्म्याच्या आसपास उतरवला. २७० च्या सुमारास तर अँटोनिनियानस म्हणजे तांब्याच्या चकतीला चांदीची कल्हई, आत दोन-तीन टक्के चांदी राहिलेली. तेव्हा किरणांचा मुकुट आहे, नाणं तांबूस आहे आणि कुठे कुठे चंदेरी पापुद्रा शिल्लक आहे असं दिसलं, तर बहुधा तुम्ही तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात आहात. २९४ च्या सुमारास डायोक्लेशनने नव्याने घडी बसवायचा प्रयत्न केला आणि कॉन्स्टन्टाइनने सोन्याचा सॉलिडस आणला, पौंडाला ७२. तो मात्र पुढे शतकानुशतकं खणखणीत राहिला. खुर्दा तेवढा लहान होत गेला.

पहिलं नाणं: दोन शिपाई

माझी शिफारस ठरलेली आहे. पहिलं नाणं घ्यायचं ते दोन शिपायांचं. पुढे सम्राटाचा किंवा राजपुत्राचा चेहरा. मागे भाले घेतलेले दोन शिपाई समोरासमोर, त्यांच्यामध्ये पलटणीचे ध्वज आणि भोवती "ग्लोरिया एक्सेर्सितुस", म्हणजे सैन्याचा गौरव. ३३० ते ३४१ या काळात हे नाणं साम्राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाडलं गेलं. ते स्वस्त आहे, मुबलक आहे आणि त्यावर वाचायला भरपूर आहे.

आधी ध्वज मोजा. दोन असतील तर नाणं ३३५ च्या आसपास किंवा त्याआधीचं, वजन अडीच ग्रॅमच्या जवळपास. एकच असेल तर त्यानंतरचं, आणि वजन दीड ग्रॅमच्या घरात. वजन घटलं, चित्रात जागा उरली नाही आणि एक ध्वज गेला. महागाई अशी डोळ्यांनी मोजता येते.

मग चेहऱ्याभोवतीची अक्षरं. बहुतेक नाण्यांवर ती खाली डावीकडून सुरू होतात आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. सगळी मोठी रोमन लिपीतली अक्षरं, शब्दांमध्ये फट असेलच असं नाही, आणि इंग्रजी "यू"च्या जागी "व्ही". नावामागे "मॅक्स ऑग" असेल तर तो थोरला कॉन्स्टन्टाइन, ऑगस्टस म्हणजे सम्राट. "युन नोब सी" असेल तर त्याच नावाचा धाकटा, युवराज. बापलेकांचं नाव एकच असल्यामुळे नवशिके इथे हमखास गडबडतात, आणि काही विकणारेसुद्धा.

शेवटी शिपायांच्या पायाखाली, आडव्या रेघेच्या खाली बघा. तिथे टांकसाळीची खूण असते. "एस-एम-ए-एन" आणि पुढे एखादं ग्रीक अक्षर असेल तर नाणं अँटिओकचं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या अंताक्याचं. ग्रीक अक्षर तिथल्या कारखान्याचा क्रमांक सांगतं. "टी-आर-पी" असेल तर आजच्या जर्मनीतल्या ट्रियरचा पहिला कारखाना. या टीआरपीचा टीव्हीशी संबंध नाही, पण गंमत अशी की दोन-सव्वादोनशे वर्षं आधीच्या नाण्यांवर हीच तीन अक्षरं चेहऱ्याभोवती किंवा मागच्या मजकुरात येतात आणि तिथे त्यांचा अर्थ अगदी वेगळा. तिकडेच जाऊ.

मग एक डेनारियस

दोन शिपायांची पाच-सहा नाणी न अडखळता वाचता आली की चांदीकडे वळा. ट्राजनचा डेनारियस उत्तम: मुबलक मिळतो, अक्षरं सुबक असतात, चांदी अजून बरी आहे. वजन सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, व्यास १८-१९ मिलिमीटर.

त्याच्या पुढच्या बाजूला बहुधा अशी माळ असते: आय-एम-पी, ट्रायानो, ए-व्ही-जी, जी-ई-आर, डी-ए-सी, पी-एम, टी-आर-पी. ही त्याची पदव्यांची पाटी आहे. इंपेरातोर, म्हणजे सेनापती आणि सम्राट, ऑगस्टस, जर्मनांना जिंकणारा, डाशियन लोकांना जिंकणारा, पाँटिफेक्स मॅक्सिमस, म्हणजे मुख्य पुरोहित, आणि टी-आर-पी म्हणजे लोकांचा कैवारी या नात्याने मिळालेले ट्रिब्यूनचे अधिकार. ट्रियरचं गाव इथे कुठेच नाही. अक्षरं कुठे बसली आहेत त्यावर अर्थ ठरतो.

मागच्या बाजूला सी-ओ-एस आणि पुढे व्ही हे अक्षर. सी-ओ-एस म्हणजे कॉन्सल, रोममधलं एक सर्वोच्च सरकारी पद, आणि व्ही म्हणजे पाच. ट्राजन पाचव्यांदा कॉन्सल झाला १०३ मध्ये आणि सहाव्यांदा ११२ मध्ये, म्हणजे नाणं १०३ ते १११ मधलं. इतर कित्येक सम्राटांच्या नाण्यांवर टी-आर-पीच्या पुढे आकडा असतो. ते अधिकार दर वर्षी नव्याने मोजले जात, त्यामुळे नाण्याचं नेमकं वर्ष सांगता येतं. ट्राजनच्या नाण्यावर व्हीनंतर पी-पी, देशाचा पिता. आणि मग "एस-पी-क्यू-आर ऑप्टिमो प्रिंक": रोमची सीनेट आणि जनता यांच्याकडून सर्वोत्तम राज्यकर्त्याला. माझ्या त्या नीरोच्या पाठीवर हेच होतं. नीरोला कुणी सर्वोत्तम म्हणालं असतं तर तोच खूश झाला असता म्हणा.

तांब्या-पितळेच्या मोठ्या नाण्यांवर मागे एस आणि सी ही दोन ठसठशीत अक्षरं दिसतील. ती सीनेटच्या ठरावाची खूण, पहिल्या तीन शतकांतली.

वाचलेलं बरोबर आहे की नाही हे पडताळायला आता पुस्तकांच्या थप्प्या लागत नाहीत. "रोमन इंपीरियल कॉइनेज" हा दहा खंडांचा मूळ सूचीग्रंथ, पहिला खंड १९२३ चा. संग्राहक त्याला नुसतं "आरआयसी" म्हणतात आणि नाण्याचा क्रमांक त्यातूनच देतात. त्यावर आधारलेला "ओसीआरई" हा संगणकीय साठा अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने सगळ्यांना फुकट खुला ठेवला आहे. त्यात चाळीस हजारांहून जास्त प्रकार आहेत. सम्राट, धातू, मागचं चित्र निवडत गेलात की यादी लहान होत जाते. पहिल्यांदा तुमचं नाणं तुमचं तुम्हाला त्यात सापडलं की दोन दिवस तुम्ही घरच्यांना नकोसे होता.

खरेदी करताना

हत्यारं तीनच. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि प्लास्टिकचा कॅलिपर. धातूचा कॅलिपर ओरखडे पाडतो.

नाणी घ्यावीत ती अशा व्यापाऱ्याकडून जो लिहून देतो, की खोटं निघालं तर कितीही वर्षांनी पैसे परत. हे कलम नसेल तर पुढचं बोलणंच करू नका. व्हीकॉइन्स किंवा एमए-शॉप्स या संकेतस्थळांवर असे पुष्कळ व्यापारी एकत्र बसलेले असतात. लिलावात जरूर उतरा, पण बोलीची रक्कम म्हणजे शेवटची रक्कम नव्हे. त्यावर लिलावघराचं कमिशन, बऱ्याचदा वीस-पंचवीस टक्के, मग कुरिअर, मग भारतात मागवत असाल तर सीमाशुल्क. बोली लावण्यापूर्वी ही बेरीज कागदावर करा. परदेशात राहणाऱ्यांना नाणेमेळ्यांचा पर्याय आहे आणि तो फारच चांगला, कारण नाणं हातात घेता येतं. सामान्य खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांवरचे अनोळखी विक्रेते, सहलीच्या ठिकाणी अवशेषांजवळ खिशातून हळूच नाणं काढणारे, आणि "न साफ केलेली शंभर नाणी" अशा पिशव्या या तिन्हींपासून सुरुवातीला लांबच राहा. त्या पिशव्यांतलं चांगलं आधीच कुणीतरी वेचून घेतलेलं असतं.

आपल्याकडे एखादी गोष्ट वाजवून घ्यावी म्हणतात. ही नाणी मात्र वाजवून घेऊ नका. शतकानुशतकं जमिनीत राहून चांदी आतून ठिसूळ होते, आणि फरशीवर पडलेला डेनारियस काचेसारखा दुभंगू शकतो.

खोटी नाणी दोन जातींची. ओतीव खोटं पकडणं सोपं असतं: कडेवर साच्याची जोडरेघ किंवा ती घासल्याची खूण, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे टाचणीएवढे खड्डे, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या बोथट, वजन चुकलेलं. ठोकून केलेलं खोटं अवघड. तिथे एक गोष्ट कामी येते. प्रत्येक खरं नाणं हाताने, हातोड्याखाली पाडलेलं आहे. चकतीचा आकार, ठशाची जागा, कडेची भेग दर वेळी वेगळी. म्हणून दोन नाण्यांवर तीच भेग आणि तोच ओरखडा त्याच जागी दिसला, तर निदान एक खोटं आहे, बहुधा दोन्ही. मात्र तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेला डेनारियस दिसला तर लगेच फेकू नका. ती त्याच काळातली बनवाबनवी असते आणि तिचेही संग्राहक आहेत.

खोटं करणाऱ्यांचीही मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतला कार्ल बेकर इतके सुरेख ठसे कोरायचा की संग्रहालयं फसली. ताज्या नाण्यांची चमक मारायला तो ती लोखंडाच्या किसात घालून पेटी घोडागाडीला बांधायचा आणि फेरफटका मारून यायचा, असं सांगतात.

आपल्या मातीतली रोमन नाणी, आणि कायदा

मराठी वाचकाला हा छंद परका वाटायचं कारण नाही. संस्कृतातला "दीनार" हा शब्द डेनारियसचाच वंशज. रोममधल्या प्लिनी या लेखकाने पहिल्या शतकात तक्रार नोंदवून ठेवली आहे, की भारत दर वर्षी आपले पाच कोटी सेस्टर्शियस गिळतो. पावलीच्या हिशेबाने ते सव्वा कोटी डेनारियस झाले. मिरी, मलमल, रत्नं यांच्या बदल्यात आलेल्या या नाण्यांचे मोठे साठे बहुतांशी दक्षिणेत, विशेषतः कोइंबतूरच्या पट्ट्यात, सापडले. त्यांत ऑगस्टस आणि तिबेरियसचे डेनारियस सर्वाधिक. नीरोने वजन घटवल्यानंतरची चांदी फार विरळ. आपल्या व्यापाऱ्यांनी हीण ओळखलं, असा त्याचा अर्थ लावला जातो. महाराष्ट्रात धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तर रोमन नाण्यांच्या भाजक्या मातीतल्या प्रतिकृती मिळाल्या, दागिन्यासारख्या गळ्यात घालायच्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतून पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली.

म्हणूनच कुणी "आमच्या शेतात निघालं" म्हणून रोमन नाणं दाखवलं तर हात लावू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन कलेक्टरला कळवावंच लागतं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावशेष ठरतं: त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातून मायदेशी परतताना संग्रह सोबत आणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. आणलेलं पुन्हा बाहेर नेणं सोपं नाही.

बाहेरही मूळ कुठलं हे विचारलं जातं, आणि विचारलं जावंच. ब्रूटसने सीझरच्या खुनाच्या स्मरणार्थ पाडलेलं एक सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनच्या लिलावात तीस लाख पौंडांच्या वर गेलं. त्याच्या मालकीचा पूर्वेतिहास बनावट निघाला आणि २०२३ मध्ये नाणं ग्रीसला परत करावं लागलं. तुमचं नाणं दोन हजारांचं असलं तरी बिल जपा, आणि जुन्या संग्रहाची चिठ्ठी सोबत आली तर ती नाण्याइतकीच जपा.

विकत घेण्याआधी नुसतं बघायचं असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं नाण्यांचं दालन आहे. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर अंजनेरीला १९८० मध्ये स्थापन झालेली नाणेसंशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. तिथे भर भारतीय नाण्यांवर असला तरी डोळा तयार होतो.

पावसाळा आणि चिंच

नाणं घासायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, भांड्यांची पावडर नाही. माझ्या मावशीने मला खूश करायला सम्राट हेड्रियनचा एक अस देवाच्या तांब्यासारखा लख्ख करून दिला होता. हिरव्या-तपकिरी थराची जवळजवळ एकोणीसशे वर्षांची कमाई दहा मिनिटांत मोरीत गेली, आणि मला "छान झालं गं" म्हणावं लागलं. माती फारच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, दर दोन दिवसांनी पाणी बदला, लाकडी दातकोरणीने हळूहळू उकरा. आठवडे लागतात. लागू द्या.

मुंबई-कोकणातल्यांचा खरा शत्रू दमट हवा. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, खरवडली तर पिठासारखी सुटणारी पूड दिसली तर तो ब्राँझ डिसीज. धातूतले क्लोराइड ओलाव्याने जागे होतात आणि नाणं पोखरतात. ते नाणं ताबडतोब बाजूला काढा, डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पूर्ण वाळवा आणि काही आठवडे वेगळं ठेवून नजर ठेवा. बाकीची हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. जूनच्या आधी पुड्या बदला. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यांनी नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. पॉलिएस्टरची कडक पाकिटं घ्या, नाहीतर साधी आम्लमुक्त कागदाची. नव्या प्लायवूडच्या खणातही नकोत.

प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी: सम्राट, वजन, व्यास, टांकसाळ, आरआयसी क्रमांक, कुणाकडून, कधी, कितीला. शेवटचा आकडा घरच्यांच्या दृष्टीला पडू नये असं वाटत असेल तर तो रोमन अंकांत लिहा.